पडद्यावरील निवेदक आणि बीड जिल्ह्यातील प्रेक्षक : मनोरंजनविषयक दूरचित्रवाणी निवेदकांच्या दीर्घ कारकिर्दींचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दूरचित्रवाणीच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने संस्था, तंत्रज्ञान आणि मालिका या तीन अंगांनी झालेले दिसते. केंद्र केव्हा सुरू झाले, उपग्रह केव्हा सोडला गेला, कोणती मालिका लोकप्रिय झाली, यांच्या नोंदी सहज मिळतात. मात्र या सर्व काळात पडद्यावर सातत्याने दिसणारी एक व्यक्ती इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिली. ती व्यक्ती म्हणजे निवेदक होय. चित्रपट, नाटक, संगीत आणि कलावंत यांच्याविषयीची माहिती प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणाऱ्या काही निवेदकांनी एकाच कार्यक्रमात दीड-दोन दशके काम केले. नट-नट्या बदलल्या, चित्रपटांची अभिरुची बदलली, राज्यकर्ते बदलले. निवेदक मात्र तोच राहिला.

अमेरिकेत ‘एंटरटेनमेंट टुनाइट’ हा मनोरंजनविषयक बातम्यांचा दैनंदिन कार्यक्रम १४ सप्टेंबर १९८१ रोजी सुरू झाला. मेरी हार्ट या १९८२ ते २०११ अशी जवळजवळ तीन दशके त्या कार्यक्रमाच्या निवेदिका होत्या. उपग्रहाद्वारे तो त्याच दिवशी देशभरच्या स्थानिक वाहिन्यांना पोहोचविता येत असे आणि त्यामुळेच मनोरंजनाची ‘ताजी बातमी’ ही कल्पना व्यवहारात आली. भारतात नेमका असा कार्यक्रम त्या काळी नव्हता. परंतु कलावंत आणि प्रेक्षक यांच्यामध्ये दीर्घकाळ उभे राहणारे निवेदक येथेही होते, आणि त्यांपैकी महत्त्वाचे निवेदक मुंबईच्या भूमीवर घडले.

प्रस्तुत लेखात या निवेदकांच्या कारकिर्दींचा विचार मुंबईतून न करता बीड जिल्ह्यातून करण्याचा प्रयत्न आहे. मध्यवर्ती प्रश्न असा की, निवेदकाच्या कारकिर्दीची ‘दीर्घता’ नेमकी कोणाच्या दृष्टीने दीर्घ होती? वर्षांची बेरीज केंद्राच्या दप्तरात होते. पण कार्यक्रम पाहणारा माणूस त्या वर्षांपैकी किती वर्षे, किती महिने आणि किती संध्याकाळी पडद्यासमोर बसू शकत होता, हे पाहिल्याशिवाय त्या बेरजेला सामाजिक अर्थ येत नाही.

‘निवेदक’ या भूमिकेची पूर्वपीठिका

निवेदन ही महाराष्ट्राला दूरचित्रवाणीने दिलेली नवी गोष्ट नव्हे. संगीत नाटकातील सूत्रधार, तमाशातील सोंगाड्या, शाहीर आणि कीर्तनकार हे सर्व सादरीकरण आणि श्रोते यांच्यातील दुवा होते. बीड जिल्ह्यात तर ही परंपरा विशेष बळकट आहे. मुकुंदराज आणि दासोपंत यांची अंबाजोगाई, नारायणगड व भगवानगड यांच्याभोवतीची कीर्तनपरंपरा आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह यांमुळे एकाच कीर्तनकाराला वर्षानुवर्षे ऐकण्याची सवय येथील श्रोत्यांना होती. कीर्तनकार बदलला नाही म्हणून श्रोता कंटाळत नसे. उलट त्याच्या बोलण्याची लकब ओळखीची झाल्यामुळे विश्वास वाढत असे. निवेदकाच्या दीर्घ कारकिर्दीमागील मानसिकता समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी उपयुक्त ठरते.

दुसरा पूर्वसंस्कार नभोवाणीचा होता. रेडिओ सिलोनवरून ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानी यांचा आवाज लघुलहरींवरून देशभर पसरला. हा कार्यक्रम १९८९ मध्ये विविध भारतीवर आला आणि १९९४ पर्यंत चालला. चित्रपटगीतांची क्रमवारी, गायक-संगीतकारांविषयीची माहिती आणि श्रोत्यांशी थेट बोलल्यासारखी भाषा ही त्याची वैशिष्ट्ये होती. मनोरंजनविषयक वार्ता सांगणारा, एकाच आवाजाचा, चार दशकांचा कार्यक्रम असे त्याचे वर्णन करता येईल. बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर विजेवर अवलंबून नव्हता, तो शेतात नेता येत होता आणि लघुलहरींना डोंगरांचा अडथळा होत नव्हता. त्यामुळे दूरचित्रवाणी येण्यापूर्वीच ग्रामीण श्रोत्याला ‘आपला निवेदक’ ही कल्पना परिचित झालेली होती.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत भाषेचा मुद्दाही लक्षात घ्यावा लागतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती; १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतूनच शिक्षण दिले जाई. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. त्यामुळे जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या कानाला उर्दूमिश्रित हिंदीचे वळण आधीपासूनच परिचित होते. अमीन सायानी यांची आणि पुढे तबस्सुम यांची शायरीच्या अंगाने जाणारी निवेदनशैली या श्रोत्यांना परकी वाटण्याचे कारण नव्हते.

मुंबई दूरदर्शन आणि तबस्सुम

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये पुण्यात सहक्षेपण होऊ लागले. दूरदर्शन त्या वेळी आकाशवाणीचाच भाग होते. १ एप्रिल १९७६ रोजी ते स्वतंत्र झाले.

मुंबई केंद्राच्या स्थापनेच्या वर्षीच ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा कार्यक्रम सुरू झाला. हिंदी चित्रपटसृष्टीतील कलावंतांच्या मुलाखतींचा हा कार्यक्रम १९९३ पर्यंत, म्हणजे सुमारे एकवीस वर्षे चालला आणि त्याच्या निवेदिका प्रारंभापासून शेवटपर्यंत तबस्सुम याच होत्या. भारतीय दूरचित्रवाणीवरील गप्पांच्या कार्यक्रमांचा प्रारंभ म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. १९४४ मध्ये जन्मलेल्या तबस्सुम यांनी बालकलाकार म्हणून चित्रपटसृष्टीत प्रवेश केला होता. ‘दीदार’ (१९५१) मध्ये त्यांनी नायिकेच्या बालपणाची भूमिका केली आणि ‘बैजू बावरा’ (१९५२) मध्येही त्या बालकलाकार म्हणून दिसल्या. त्यामुळे मुलाखतीसाठी समोर बसलेल्या अनेक ज्येष्ठ कलावंतांशी त्यांचा परिचय लहानपणापासूनचा होता.

या गोष्टीचा परिणाम निवेदनाच्या स्वरूपावर झाला. चित्रपट नियतकालिकांतून त्या काळी कलावंतांच्या खासगी जीवनाविषयी कुजबुज छापली जात असे. तबस्सुम यांच्या कार्यक्रमाने तो मार्ग स्वीकारला नाही. शासकीय माध्यमाची मर्यादा हे त्याचे एक कारण, तर निवेदिका स्वतः त्या व्यवसायकुटुंबातील असणे हे दुसरे कारण होय. हसतमुख स्वागत, शेर, विनोद आणि कलावंताच्या कामाविषयीच्या आठवणी अशी कार्यक्रमाची घडण होती. प्रेक्षकांना कलावंताची ‘बातमी’ मिळे. मात्र ती घरात चारचौघांत बसून ऐकता येईल अशा भाषेत मिळे. एकत्र कुटुंबात, बहुधा शेजाऱ्यांच्या घरी बसून दूरदर्शन पाहिले जाण्याच्या काळात ही मर्यादाच कार्यक्रमाच्या दीर्घायुष्याचे कारण ठरली असे म्हणता येते.

वृत्तनिवेदक आणि कलाक्षेत्र

मुंबई केंद्रावर वृत्तनिवेदन आणि कलाक्षेत्र यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती. स्मिता पाटील या प्रारंभी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत आणि तेथूनच त्या चित्रपटांकडे वळल्या. रंगभूमीवरील श्रेष्ठ अभिनेत्री भक्ती बर्वे यांनीही दूरदर्शनवर निवेदन केले. स्मिता तळवलकर यांनी सुमारे सतरा वर्षे वृत्तनिवेदन केले आणि पुढे ‘कळत नकळत’ (१९८९) व ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटांची निर्मिती केली. सुरेश खरे यांच्यासारख्या नाटककाराने ‘नाट्यावलोकन’ या कार्यक्रमातून रंगभूमीवरील घडामोडींचा परिचय करून दिला. नव्या नाटकाची वार्ता मुंबई-पुण्याबाहेरच्या रसिकाला वृत्तपत्राखेरीज अन्य मार्गाने मिळण्याची ती एक महत्त्वाची सोय होती.

प्रदीप भिडे यांची कारकीर्द या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी अनेक वर्षे मुंबई दूरदर्शनवरून मराठी बातम्या दिल्या. भारदस्त आवाज, स्वच्छ उच्चार आणि संयत मुद्रा यांमुळे ‘बातम्या’ आणि ‘भिडे’ हे समीकरण प्रेक्षकांच्या मनात रूढ झाले. जाहिराती, माहितीपट आणि जाहीर समारंभ यांतही त्यांच्या आवाजाला मागणी होती. एखाद्या कलावंताच्या निधनाची किंवा पुरस्काराची वार्ता त्यांच्या मुखातून ऐकली, की ती खरी मानली जाई.

या पिढीच्या नोकरीचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. दूरदर्शनवरील बरेचसे निवेदक कायम सेवेत नसत. ते नैमित्तिक करारावर, कार्यक्रमागणिक मानधनावर काम करीत आणि बहुतेकांचा चरितार्थ अन्य नोकरी वा व्यवसायावर चाले. प्रेक्षकाला जी कारकीर्द अखंड दिसत होती, ती निवेदकाच्या बाजूने पाहता सुट्या सुट्या करारांची मालिका होती. शिवाय बातम्या थेट प्रक्षेपित होत आणि चुंबकीय फिती महाग असल्यामुळे त्यांवर पुन्हा नवे कार्यक्रम मुद्रित केले जात. परिणामी अनेक वर्षांच्या कामाचा फार थोडा भाग आज उपलब्ध आहे. लेखकाचे ग्रंथ उरतात, नटाचे चित्रपट उरतात. निवेदकाचे काम मात्र मुख्यतः प्रेक्षकांच्या स्मरणात उरते. म्हणूनच प्रेक्षक कोण होता आणि कोठे होता, हा प्रश्न या विषयात दुय्यम राहत नाही.

प्रक्षेपणाचा भूगोल आणि बीड जिल्हा

मुंबई केंद्र सुरू झाले त्या वर्षी महाराष्ट्र भीषण दुष्काळात होता. १९७२ च्या त्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील हजारो लोक रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडत होते आणि त्याच वर्षी मुंबईत ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’चा आरंभ झाला. दोन्ही घटना एकाच राज्याच्या इतिहासात असल्या, तरी त्या परस्परांना दिसत नव्हत्या. तबस्सुम यांच्या कारकिर्दीचे पहिले दशक बीडच्या सर्वसामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीने घडलेच नाही असे म्हणावे लागते.

परिस्थिती बदलण्यास १९८२ नंतर प्रारंभ झाला. त्या वर्षी राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी उपग्रह सोडण्यात आला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वेगाने उभारले गेले. मात्र या विस्तारात एक विसंगती होती. जिल्ह्याच्या ठिकाणी उभे राहिलेले लघुशक्ती प्रक्षेपक उपग्रहावरून येणारा दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम दाखवीत; मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम त्यांना सहज मिळत नसत. त्यामुळे मराठवाड्यातील अनेक घरांत दूरचित्रवाणी संच प्रथम हिंदीतून बोलू लागला. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’ मालिकेच्या प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार निवेदन करीत; त्यांचे बोलणे मराठी निवेदकांच्या आधी या प्रदेशात पोहोचले. उपग्रहाच्या साहाय्याने राज्यव्यापी प्रादेशिक सेवा मिळू लागल्यानंतर मराठी निवेदक जिल्ह्यातील घरांत नियमितपणे दिसू लागले. १५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी सुरू झाली आणि तीच ५ एप्रिल २००० पासून ‘सह्याद्री’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

जिल्ह्याची भूरचनाही येथे महत्त्वाची आहे. उत्तरेला गोदावरीचा सखल काठ आणि मध्य-दक्षिणेला बालाघाटच्या डोंगररांगा अशी बीडची रचना आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत प्रवास करीत असल्याने डोंगराच्या आडोशाला असलेल्या गावांत चित्र धूसर दिसे. उंच बांबूवर किंवा लोखंडी नळीवर अँटेना बांधणे, एकाने छतावर जाऊन ती फिरविणे आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडणे हा त्या काळातील नित्याचा प्रसंग होता. बालाघाटच्या पठारावरील अंबाजोगाई येथील दूरदर्शनच्या प्रक्षेपण केंद्राचे महत्त्व या भूरचनेतूनच स्पष्ट होते. निवेदकाचा चेहरा बीडमध्ये उशिरा पोहोचला आणि पोहोचल्यावरही तो बऱ्याचदा ‘मुंग्यां’तून पाहावा लागला.

पत्रांचे युग : ‘सुरभि’

दूरदर्शनच्या या टप्प्यात प्रेक्षक आणि निवेदक यांच्यातील व्यवहार एकतर्फी होता. त्यात मोठा बदल घडविणारा कार्यक्रम म्हणून ‘सुरभि’चा निर्देश करावा लागेल. १९९० ते २००१ या काळात प्रक्षेपित झालेल्या या सांस्कृतिक वार्तापत्राचे निवेदन सिद्धार्थ काक आणि मराठी अभिनेत्री रेणुका शहाणे यांनी केले. देशातील कला, हस्तव्यवसाय, वास्तू आणि लोकपरंपरा यांची माहिती देऊन अखेरीस प्रश्न विचारला जाई आणि प्रेक्षकांनी पोस्टकार्डावर उत्तरे पाठवायची असत. एका आठवड्यात दहा लाखांहून अधिक पत्रे आल्याची नोंद या कार्यक्रमाच्या नावावर आहे. पंधरा पैशांच्या अनुदानित पोस्टकार्डांचा स्पर्धांसाठी होणारा वापर पाहून टपाल खात्याने दोन रुपयांचे स्वतंत्र ‘स्पर्धा पोस्टकार्ड’ काढले, हा या काळाचा महत्त्वाचा दाखला आहे.

येथे निवेदकाच्या भूमिकेत सूक्ष्म पण निर्णायक बदल झाला. तबस्सुम कलावंताला प्रेक्षकांच्या घरी आणत होत्या. रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक प्रेक्षकांचे पत्र पडद्यावर नेऊ लागले. गेवराई किंवा केजसारख्या तालुक्याच्या गावातून पत्र टाकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बक्षीस लागण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती. तरीही आपले नाव-गाव लिहिलेले कार्ड त्या ढिगात आहे, ही जाणीव नवी होती. निवेदकाला आपण पाहतो, तसे त्यालाही आपण ठाऊक असू शकतो, ही कल्पना जिल्ह्यातील प्रेक्षकाला प्रथम पोस्टकार्डाने दिली.

खासगी वाहिन्या आणि निवेदकाची गृहभेट

२ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली आणि दूरदर्शनची एकाधिकारशाही संपुष्टात येऊ लागली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा टीव्ही मराठी’ ही वाहिनी आली; मार्च २००५ मध्ये तिचे ‘झी मराठी’ असे नामांतर झाले. जुलै २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ सुरू झाली. प्रेक्षकाच्या हाती निवड आली. यापूर्वीच्या दीर्घ कारकिर्दींना एकच वाहिनी असण्याचा आधार होता, हे आता उघड झाले. ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ १९९३ मध्ये थांबला ही कालसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. निवड उपलब्ध असतानाही जो टिकला, त्याच्या दीर्घतेला वेगळे मोल आहे.

या दृष्टीने आदेश बांदेकर यांच्या कारकिर्दीचा अभ्यास उद्बोधक ठरतो. दूरदर्शनवरील ‘ताक धिना धिन’मधून परिचित झालेल्या बांदेकर यांनी सप्टेंबर २००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’चे निवेदन सुरू केले आणि हा कार्यक्रम २०२२ पर्यंत, म्हणजे सुमारे अठरा वर्षे चालला. चित्रपट तारकांच्या जागी गृहिणी आली. स्टुडिओऐवजी प्रेक्षकाचे घर हेच कार्यक्रमाचे स्थळ बनले. निवेदकाला ‘भावोजी’ हे नाते मिळाले आणि बक्षीस म्हणून पैठणी दिली जाऊ लागली. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, भेट दृक्श्राव्य संपर्कातून घडली. पण कार्यक्रमाचे नाते बदलले नाही.

‘भावोजी’ या संबोधनाचा विचार केला पाहिजे. मराठी कुटुंबात भावोजी हा थट्टामस्करीचा हक्क असलेला, तरीही मर्यादेतील आप्त असतो. अनोळखी पुरुषाने कॅमेऱ्यासह स्वयंपाकघरापर्यंत यावे आणि घरातील सुनेने सासूसमोर त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे, हे ग्रामीण व निमशहरी समाजात अन्यथा अवघड होते. नात्याच्या या चौकटीने ते शक्य केले. ज्या पैठणीचे नाव गोदावरीकाठच्या पैठणवरून आले, ती मराठवाड्याच्या वेशीवरची वस्तू मुंबईच्या वाहिनीतून पुन्हा मराठवाड्यातील स्त्रियांपर्यंत मानाचे वस्त्र म्हणून आली, हाही या प्रवासातील लक्षणीय भाग होय.

अशा रीतीने तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात निवेदकाने कलावंत आणला, दुसऱ्यात पत्र नेले, तिसऱ्यात तो स्वतः उंबरठ्यापर्यंत आला. मुंबई आणि बीड यांच्यातील अंतर प्रत्येक टप्प्यात कमी होत गेले आणि निवेदकाची दीर्घ कारकीर्द हे अंतर कमी करण्याच्या सामर्थ्यावर उभी राहिली.

याच काळात मनोरंजनविषयक वार्तेचे स्वरूपही पालटले. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ व ‘स्टार माझा’ (२०१२ पासून ‘एबीपी माझा’) या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या आणि चित्रपट-मालिकांच्या बातम्या हा दैनंदिन मजकूर झाला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये डॉ. नीलेश साबळे यांनी २०२४ पर्यंत निवेदन केले. प्रदर्शित होऊ घातलेल्या चित्रपटाचे कलावंत तेथे येत आणि विनोदी प्रहसनांतून चित्रपटाची प्रसिद्धी होई. दहा वर्षांचे हे सातत्य निश्चितच मोठे आहे. मात्र येथे कलावंत आपल्या गतकार्याच्या आठवणी सांगण्यापेक्षा आगामी शुक्रवारच्या चित्रपटासाठी येतो, हा भेद नोंदवावा लागतो. निवेदक कोणाच्या वतीने बोलतो, प्रेक्षकाच्या की निर्मात्याच्या, हा प्रश्न या टप्प्यावर अधिक तीव्र होतो.

कुलूपबंद घरे आणि दीर्घतेची अट

वरील तीन टप्प्यांचे विवेचन पूर्ण मानले, तर ते बीड जिल्ह्यापुरते अपुरे राहील. दीर्घकाळ चालणारा कार्यक्रम वर्षभर एका ठिकाणी राहणारा प्रेक्षक गृहीत धरतो. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो कामगार मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर, साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये परततात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर या डोंगरपट्ट्यातील अनेक घरांना त्या काळात कुलूप असते किंवा मागे वृद्ध माणसेच राहतात. उसाच्या फडाशेजारी उभारलेल्या कोपीत वीज नसे, मग दूरचित्रवाणी संच कोठून असणार? पहाटे फडात जाणाऱ्या आणि रात्री उशिरापर्यंत गाडी भरणाऱ्या स्त्रीला सायंकाळची वेळ मोकळी नसे. ‘होम मिनिस्टर’ या कल्पनेतील ‘होम’ या स्त्रीच्या बाबतीत वर्षातील निम्मा काळ उपलब्ध नव्हते.

जे गावातच राहिले, त्यांच्यापुढे विजेचा प्रश्न होता. परळी येथे १९७१ पासून औष्णिक वीजनिर्मिती होत आहे. तरीही २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागात जे प्रदीर्घ भारनियमन झाले, त्यातून जिल्ह्यातील खेडी सुटली नाहीत. निवेदक ठरल्या वेळी पडद्यावर येत असे. प्रेक्षकाच्या घरी मात्र वीज ठरल्या वेळी नसे.

म्हणजेच अठरा वा एकवीस वर्षांची कारकीर्द ही जिल्ह्यातील सर्वांसाठी सारख्याच लांबीची नव्हती. बीड शहरातील नोकरदार कुटुंबासाठी ती जवळजवळ सलग होती. डोंगरपट्ट्यातील शेतकरी कुटुंबासाठी ती खंडित होती. ऊसतोड कुटुंबासाठी ती पावसाळ्यापुरती होती. या कुटुंबांच्या आठवणीत निवेदक दरवर्षी नव्याने भेटणारा पाहुणा असणे स्वाभाविक आहे. इतिहासकाराने ‘महाराष्ट्रातील प्रत्येक घरात पोहोचलेला निवेदक’ असे विधान करताना ही कुलूपबंद घरे मोजली पाहिजेत.

२०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाईल इंटरनेटने या चित्रात बदल घडविला. चेहरा आता संचाला, वेळेला किंवा गावाला बांधलेला राहिला नाही; कोपीतही तो हातातील पडद्यावर दिसू शकतो. तबस्सुम यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात ‘तबस्सुम टॉकीज’ या नावाने यूट्यूबवर जुन्या चित्रसृष्टीच्या आठवणी सांगितल्या. ज्यांच्या कारकिर्दीचे पहिले दशक बीडला दिसलेच नव्हते, त्यांना त्या दशकाच्या गोष्टी सुमारे चाळीस वर्षांनी सांगण्याची सोय झाली. तथापि मोबाईलवरील प्रेक्षक एकटा असतो. शेजाऱ्यांच्या ओसरीवर वीस माणसांनी एकत्र ऐकलेले निवेदन आणि एकट्याने ऐकलेले निवेदन यांची सामाजिक परिणती सारखी असू शकत नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, मनोरंजनविषयक निवेदकांच्या दीर्घ कारकिर्दी प्रारंभी एकाच वाहिनीच्या मर्यादेतून घडल्या. परंतु त्या मर्यादेत निर्माण झालेला विश्वास हा निवेदकाच्या संयमाचा आणि भाषेचा परिणाम होता. दुसरा, स्पर्धेच्या काळात तोच निवेदक दीर्घकाळ टिकला, ज्याने प्रेक्षकाशी असलेले अंतर कमी केले. तिसरा, कारकिर्दीची दीर्घता ही प्रक्षेपण, वीज आणि स्थलांतर यांनी मर्यादित होती. बीड जिल्ह्याच्या इतिहासात ती एकसंध रेषा म्हणून मांडता येत नाही.

प्रदीप भिडे यांचे जून २०२२ मध्ये, तबस्सुम यांचे १८ नोव्हेंबर २०२२ रोजी आणि अमीन सायानी यांचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले. निवेदकांची ही पिढी संपत आहे आणि त्यांना पाहिलेल्या-ऐकलेल्या प्रेक्षकांची पिढीही वृद्ध झाली आहे. फिती पुसल्या गेल्यामुळे या इतिहासाचे उरलेले साधन म्हणजे त्या प्रेक्षकांची स्मृती होय. गावात पहिला संच कोणाच्या घरी आला, तो पाहण्यास कोणाला ओसरीवर प्रवेश होता व कोणाला नव्हता, अँटेना कोण फिरवीत असे, पोस्टकार्ड कोणी लिहून दिले, फडावरून परतल्यावर कोणता चेहरा बदललेला आढळला, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही केंद्राच्या दप्तरात मिळणार नाहीत. ती जिल्ह्यातील वयोवृद्ध स्त्री-पुरुषांकडे आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी पदवी स्तरावरील प्रकल्पांतून या मौखिक साधनांचे संकलन हाती घेतल्यास माध्यमांचा इतिहास प्रथमच प्रेक्षकांच्या बाजूने लिहिला जाईल. त्या कामाला उपलब्ध असलेला अवधी मात्र दरवर्षी कमी होत आहे.